रात्रीची सोय

जालना जिल्ह्यात माझ्या चुलत सासूबाईंच्या हुकमाबाहेर फक्त पाऊस आहे, आणि त्याच्यावरही त्यांची नाराजी आहे. बाकी सगळं त्या सुधारून घेतात. एसटीत बसल्या की ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगतात. लग्नात भटजी घाईत दिसले, तर "मागचं ऐकू आलं न्हाई," म्हणून मंगलाष्टक परत म्हणायला लावतात. एकदा अंबडच्या कोर्टात कुणाच्या तरी तारखेला सोबत म्हणून गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पक्षांना एका बाकावर बसवून पोळ्या खाऊ घातल्या. वकील उभ्याने बघत होते. त्यांना मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर मी आणि बायको आमच्याकडे चला म्हणालो, तर "तुमचं घर लहान पडंल मला," असं सांगून त्या अंबड रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात आपणहून राहायला गेल्या. महिन्याभरात तिथले व्यवस्थापक त्यांना विचारून रजा घेऊ लागले.

मागच्या वर्षी सरकारी अनुदानाचा नियम बदलला. कायम राहणाऱ्यांसाठीचं अनुदान बंद. यापुढे पैसा फक्त दिवसाच्या केंद्राला. म्हाताऱ्यांनी सकाळी यावं, संध्याकाळी पाचला घरी जावं, रात्रीची सोय कुटुंबाने करावी. व्यवस्थापकांनी हे वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. कुटुंबाने सोय केली नव्हती म्हणूनच तर बहुतेक माणसं तिथे होती. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. "मंग करू द्या की कुटुंबाला," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाचला रिक्षा बोलावून एका आजोबांना त्यांच्या मुलाच्या दारी घेऊन गेल्या. मुलाचं अंबडमध्ये खताचं दुकान. "मावशी, घरात जागा न्हाई हो," तो म्हणाला. "बघू द्या," म्हणत त्या आत शिरल्या. मागच्या खोलीत खताची पोती रचलेली होती. "ह्यांना पडवीत झोपवा," पोत्यांकडे बोट करून त्या म्हणाल्या. "ह्यांना रात्री खोकला येत न्हाई." पोती बाहेर गेली, खाट आत आली, आणि बापलेकांना एकमेकांशी बोलायची सवय होईपर्यंत सासूबाई स्वतः तिथेच मुक्कामाला राहिल्या.

अशी त्यांनी बरीच माणसं घरी पोचवली. सगळीकडे जमलं नाही. कुंभार पिंपळगावच्या एका आजींच्या सुनेने दारच उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. सासूबाई भांडल्या नाहीत. आजींचा हात धरून परतीच्या एसटीत बसल्या, आणि त्या दिवशी ड्रायव्हरने त्याच्या मनाप्रमाणे गाडी चालवली. त्या आजींना आणि ज्यांना कुणीच नव्हतं अशांना व्यवस्थापकांनी गावकऱ्यांकडून धान्य मागून एका खोलीत ठेवून घेतलं.

त्या खोलीत आपल्या खाटेची अडचण नको, म्हणून सासूबाईंनी निरोप धाडला आणि मी त्यांना जुन्या जालन्यात आमच्या घरी घेऊन आलो. इतक्या दारांत बेधडक शिरलेल्या बाई आमच्या उंबऱ्याशी थांबल्या, पिशवी पोटाशी धरून.

"जावईबापू, चालंल ना?"

त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

हल्ली त्या आमच्याकडे निमूट जेवतात. बायको अधूनमधून मुद्दाम आमटीत मीठ कमी घालते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

"बराबर झालंय बाई," त्या म्हणतात.