बोलणारं पहिलं पान

तिला सगळे वकीलीण म्हणत. कोर्टाची पायरी ती चढली ती फक्त मोर्चा घेऊन, पण तोंड उघडलं की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. शिक्षण बारावीलाच थांबलेलं. कॉम्प्युटर शिकली ती एका दुरुस्तीच्या दुकानात, हाताला लागेल ते उघडून बघत. आता मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ती ज्या संस्थेत काम करायची, तिची वेबसाइट तीच बनवत होती, आणि तिच्या पहिल्या पानाचा तिला भलताच अभिमान होता. नवख्या बाईला वाचत बसायला लागू नये म्हणून ते पान उघडताच बोलायचं. आवाज हिचाच.

पान जमलंय का, हे बघायला संस्थेबाहेरचं माणूस हवं होतं. म्हणून रविवारी ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताईचा संसार नात्यात कौतुकाचा. भाऊजींचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

आतल्या खोलीत पलंगावर दोघी बसल्या. "मी इथे नाहीच असं समज," वकीलीण म्हणाली. "खोटं नाव टाक आणि खातं उघड."

"परीक्षा माझी की तुझी?"

"माझी गं. तू अडलीस की मी नापास."

ताईने फोनवरच्या पानाला बोट लावलं. फोन खणखणीत बोलला, "ये ताई. घरात कुणी हात उगारतं का? घाबरू नकोस."

ताईने फोन झटकन उशीखाली कोंबला, वर स्वतः बसली आणि दाराकडे बघायला लागली. तोंड पांढरंफटक.

"कोण बोललं गं?" बाहेरून भाऊजी.

"जाहिरात हो! गुडघेदुखीचं तेल!" आवाज हसरा, सराईत.

त्या सराईत हसण्यावरूनच वकीलिणीला सगळं कळलं. गावभरच्या नवऱ्यांना फैलावर घेणारी ही बया, आणि इथे दर रविवारी त्याच माणसासमोर चहा पिऊन, थट्टा करून जात होती!

"ताई, कधीपासून?"

"हळू बोल." ताईने फोन काढून त्याचा आवाज बंद केला. "आधी हे बोलणं काढून टाक. आणि कुणी आलं की एक बोट लावताच दुसरंच काही दिसेल असं कर."

मग ताई पानावर पुढे सरकली. नावाच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं. 'तुम्ही आत्ता घरी सुरक्षित आहात का?' या प्रश्नावर बोट जरा घुटमळलं. तिने 'नाही' दाबलं. 'आमची कार्यकर्ती लवकरच तुमच्यापर्यंत पोहोचेल,' पानावर उमटलं. कार्यकर्ती शेजारीच बसली होती.

मग वकीलीण ताडकन उठली, बाहेरच्या खोलीकडे निघाली. ताईने मनगट धरलं.

"तू भांडून तुझ्या घरी जाशील. मी इथेच राहीन. आधी मला बाहेर काढ."

वकीलिणीने राग गिळला.

"भाऊजी, ताईला जरा शिंप्याकडे नेते हं. तिच्याशिवाय मला काही पसंतच पडत नाही."

"किती वेळ?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हे काय, आत्ता येतो," ती लाडिक हसली. ताई चपला अडकवून केव्हाच जिना उतरायला लागली होती.