मोजपट्टी आणि नव्या नोटा

माझी मावशी पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत बावीस वर्षं बसली. तिला दिसत नाही. हे वाचून कोणी हळहळू नये. हळहळणाऱ्यांचा तिला राग येतो आणि मलाही येतो.

नोटा ती लांबीवरून ओळखायची. एक टोक मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर ठेवायचं आणि दुसरं तळहातावर कुठवर पोचतं ते अंगठ्याने चाचपायचं. विसाची अलीकडे थांबायची, शंभराची थेट मनगटाला टेकायची. म्हणून तलावावर सगळे तिला मोजपट्टी म्हणत. बावीस वर्षांत तिचा गल्ला एकदाही कमी भरला नाही.

मग नव्या नोटा आल्या. त्यांवर पाखरं, पानं, आणि रंग म्हणे बघत राहावेत असे. रुंदी सगळ्यांची एक, लांबीत नखाएवढा फरक. न दिसणाऱ्यांसाठी कोपऱ्यात उंच रेषा होत्या, विसाला दोन, शंभराला चार. कोऱ्या नोटेवर त्या लागतातही. पण तलावावर कोरी नोट कोण आणतो? ओल्या चड्डीच्या खिशातून, मुठीत चुरगळून येते ती. महिन्याभरात रेषा सपाट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कळणार कसं?

एका रविवारी तिने चौघांना सुटे देताना विसाऐवजी शंभराची नोट दिली. चौघांनीही मुकाट्याने खिशात घातली. त्यातला एक तर रोजचा, येताजाता "ताई, ताई" करणारा.

संध्याकाळी गल्ला तीनशे वीसने कमी भरला. मॅनेजर म्हणाला, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं झालंय हे."

"मग कुत्र्याला हाणा की," मावशी म्हणाली. "मला का जात्यावरून उठवताय?"

उठवलंच. खिडकीत मॅनेजरचा मेहुणा बसला आणि मावशीला मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालायला लावलं. पगार तोच ठेवलाय, हे मॅनेजर चारचौघांत उपकार केल्यासारखं सांगायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मावशी सांगत गेली, मी पत्रं टाइप केली. नोटा काढणाऱ्या कार्यालयाकडून आधी उत्तर म्हणून एक गुळगुळीत पत्रक आलं: चलनाच्या नव्या चिन्हातली आडवी रेघ कशाचं प्रतीक आहे, आणि ते चिन्ह संगणकावर उमटवायला कुठल्या दोन कळा एकदम दाबायच्या. मी ते वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "यांना आपलं पत्र कोणी वाचून दाखवलं नाही वाटतं."

चौथ्या पत्रानंतर नोटांच्या समितीतला एक साहेब तलावावर आला. त्याने कोऱ्या नोटा आणल्या होत्या. मावशीने त्या एकामागून एक बरोबर ओळखल्या.

"बघा, येतंय की तुम्हाला," साहेब म्हणाला.

मावशी उठली, त्याला घेऊन खिडकीशी गेली आणि मेहुण्याकडून गल्ल्यातल्या मूठभर नोटा मागून घेतल्या. त्या साहेबापुढे ठेवल्या. "आता डोळे मिटा आणि मला वीस काढून द्या."

तो चोळत राहिला. खिडकीबाहेर रांग वाढली, एक बाई "अहो, आटपा की" म्हणाली. घाईघाईने त्याने जी नोट पुढे केली ती शंभराची होती. मेहुण्याने तसं सांगताच साहेबाचे कान लाल झाले. पुन्हा करतो म्हणाला. पुन्हा शंभराचीच आली.

"ओल्या नोटा आहेत, आणि मला सवय नाही," तो म्हणाला.

"दोनदा चुकलात," मावशी म्हणाली. "आता तुमची खुर्ची कोणाच्या मेहुण्याला द्यायची?"

साहेब मोठ्याने हसला. आपली खुर्ची कोणी काढून घेईल, हा त्याला विनोदच वाटला. मावशीची तिला अजून मिळालेली नाही.