सामान यायचंय

गॅरेजकाका कुणाच्या घरी गेले की दाराची बेल नंतर वाजवत. आधी खाली उभ्या असलेल्या त्या घरच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बॉनेट गरम लागलं तर "आत्ताच आलाय माणूस, पाणी तरी पिऊ दे त्याला" म्हणून माघारी फिरत. गार लागलं तर जिना चढत. त्यामुळे हेंद्रेपाड्यातल्या आमच्या गल्लीत ते कुणाकडे अवेळी गेले, असं कधी झालं नाही. दार उघडलं की पहिला प्रश्न, "कशी आहे?" नवा भाडेकरू असेल तर तो बायकोची तब्येत सांगायला लागे. जुनी माणसं सरळ सांगत, "पिकअप कमी झालाय."

त्यांचं बैठं घर आमच्या इमारतीच्या समोर, माझ्या गॅलरीतून अंगण पूर्ण दिसेल असं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त झाल्यावर अंगणावर पत्रे टाकले, गाडीखाली उतरून काम करता यावं म्हणून स्वतः खड्डा खणला आणि गल्लीतल्या गाड्या बघायला लागले. पाटी कधी लावली नाही. मी एका कंपनीत स्टोअर सांभाळते. वस्तू जागेवर नसली की मला अस्वस्थ होतं. त्या गॅरेजमध्ये मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. रोज लागणारे पाने हाताच्या उंचीवर, आठवड्याने लागणारे वर, वर्षाकाठी लागणारे माळ्यावर. माझी जुनी छोटी गाडी पहिल्यांदा दाखवायला नेली तेव्हा मी तिच्या तक्रारी क्रमवार लिहून नेल्या होत्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "यादीबाई, यातल्या चार तक्रारी गाडीच्या आहेत, बाकीच्या तुमच्या." तेव्हापासून मी यादीबाई.

सुट्या भागांसाठी ते उल्हासनगरला जात. मीही एकदा सोबत गेले होते, माझ्या गाडीची क्लचप्लेट आणायला. दुकानाचा शेठ काउंटरवर दोन डबे ठेवून म्हणाला, "सांई, ओरिजनल चाहिये या ओरिजनल जैसा?" काकांनी डबे बाजूला सारले, दोन्ही प्लेटा खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवल्या आणि 'ओरिजनल जैसा' म्हणालेली उचलली. मी धास्तावले. शेठ हसला. "मॅडम, इनको मानना पडता है. नाव वाचत नाहीत हे, माल वाचतात." परत येताना रिक्षात काका म्हणाले, ओरिजनल म्हणून दिलेलीच नकली होती, पण शेठला तसं सांगून उपयोग नाही; त्याने ती ओरिजनल समजूनच घेतलेली असणार.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे दुधी रंगाची पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून झिजलेली, भंगारात निघालेली. लेकीचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ती ओढून आणली आणि कित्येक सुट्ट्या घालवून उभी केली. दुधी रंग काकूंनी निवडला. पण दार उघडलं की वर टपाच्या कडेला जुना पिवळा रंग बोटभर दिसायचा. तो का ठेवलात, असं विचारलं की म्हणायचे, "माहेरचं नाव आहे तिचं. पुसायचं कशाला?" दर रविवारी काकूंना त्यात बसवून ते जांभूळला नेत. ते काकूंचं माहेर. भाऊ-भावजय कधीच गेली होती, पण शेताच्या बांधावर गाडी उभी करून दोघं डबा खात आणि परत येत. काकू इतर कुठे जायचा आग्रह धरत नसत, पण रविवार चुकला की सोमवारी त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. पण काकांनी त्यांना एक काम पक्कं शिकवलं होतं. काका बाहेरगावी असले की सकाळी काकूंनी पद्मिनी थोडा वेळ नुसती चालू ठेवायची. चोक अर्धा ओढायचा, चावी फिरवायची, इंजिन शांत झालं की बंद करायचं. बॅटरी काढलेली असेल तर जोडायची. जोडताना लाल तार आधी, काळी नंतर. काढताना काळी आधी. मग दोन्ही टोकांवर ग्रीसचं एकच बोट, जास्त नाही. काकू ते देवपूजेइतक्या नेमाने करत. प्रवासातून काका फोन करायचे, तो इकडची तिकडची चौकशी न करता, "अगं, चालू केलीस का?"

दुसरा नियम गल्लीसाठी होता. नदी फुगली की आमच्याकडे पाणी येतं आणि खालच्या गाड्या बुडतात. पाणी ओसरलं की पहाटेच काका चिखलातून दारोदार फिरत आणि एकच वाक्य म्हणत, "चावी नको, चहा घ्या." कुणी हट्ट केला तर त्याला गॅरेजमध्ये आणून सायकलचा पंप दाखवत. तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलायला लावत; तो थोडा आत जाई. मग काकूंना हाक मारत, त्या वाडग्यात पाणी घेऊन येत, पंप पाण्याने भरायचा आणि पुन्हा ढकलायला सांगायचं. दांडा जागचा हलत नसे. "हवा दबते, पाणी दबत नाही. इंजिनात पाणी असताना चावी मारली, तर वाकणार कोण? पिस्टनचा दांडा. गाडी बाहेरून सुकलेली दिसली तरी आत पाणी असतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

एका वर्षी मोठा पूर आला तेव्हा काका उल्हासनगरच्या एका इस्पितळात होते. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली, जीभ जड. पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी जमेल तेवढं वाचवलं. हत्यारं माळ्यावर गेली, बॅटरी काढून माझ्याकडे वर आली. गाडी हलवायला कुणाला जमलं नाही. पद्मिनी टपापर्यंत बुडाली. ओसरल्यावर खड्डा चिखलाने भरलेला होता आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर मातीची रेघ उरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. म्हणून लेकीने ठरवलं, पुराचं सांगायचं नाही. सगळ्यांना ते पटलं. काकूंनाही.

पण काका शुद्धीवर आल्यापासून काकू भेटायला गेल्या की अर्ध्या तोंडाने रोज तेच विचारत. चालू केलीस? काकू मान हलवत. घरी येऊन माझ्याकडे जिन्यात बसत. एकदा म्हणाल्या, "पन्नास वर्षांत ह्यांच्याशी खोटं बोलले नाही गं. आता रोज बोलते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात." मी म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

त्यानंतर चांगलं ऊन पडलं. काकूंनी गाडी धुतली, आसनं वाळवली, दारं उघडी ठेवली. एका सकाळी मी अंघोळीला गेले असताना त्या माझ्या सुनेकडून बॅटरी मागून घेऊन गेल्या. मी बाहेर आले आणि गॅलरीतून आवाज ऐकला. इंजिन दोनदा खोकलं, धरलं आणि मग धाडकन एक आवाज आला, लोखंडी दरवाजा आपटल्यासारखा. नंतर काही नाही. मी खाली धावले तेव्हा काकू चालकाच्या जागेवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज खरं सांगता आलं असतं."

काका घरी आले ते काठी टेकत. पूर आल्याचं लेकीने वाटेत सांगून टाकलं होतं. काकूंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चहा ठेवायला आत गेल्या. काका घरात गेलेच नाहीत, पत्र्याखाली वळले. डावा तळहात बॉनेटवर ठेवला. मला चावी फिरवायला सांगितली. टक. पुन्हा फिरवायला सांगितली. टक. मग बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीच्या टोकांकडे बराच वेळ बघत राहिले. दोन्ही टोकांवर ग्रीसचं ताजं एकेक बोट, जास्त नाही. मला काही विचारायची त्यांना गरज पडली नाही.

काकू कपबशी घेऊन आल्या. त्यांच्याने राहवेना. "अहो, मी त्या दिवशी चावी..."

"चावीने काय होतंय." झटका आल्यापासून ते एवढं स्पष्ट पहिल्यांदाच बोलले. "पाणी शिरलं तेव्हाच गेली ती. सामान लागेल. मागवतो."

मग ते सामान येईना. रविवारी सकाळी काकू पत्र्याखाली येऊन विचारत, "कधी होईल हो?" आणि काका खुर्चीतून उत्तर देत, "सामान यायचंय." जांभूळला रिक्षाने जायला काकू तयार नव्हत्या, गाडीनेच जाऊ म्हणत. गल्लीतल्या गाड्या हळूहळू स्टेशनजवळच्या गॅरेजकडे जायला लागल्या. सुरुवातीला लोक नमस्कार करायला तरी थांबत, नंतर काच वर करून जात. माळ्यावरची हत्यारं खाली आलीच नाहीत. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. काका दिवसभर पद्मिनीशेजारी बसत, मांडीवर निकामी हात, आणि माझी गाडी आली की मान वळवून आवाज ऐकत. एखादा शब्द म्हणत. बेअरिंग. किंवा टायमिंग. माझी गाडी मी बाहेर दाखवायची आणि त्यांनी म्हटलं तेच निघायचं.

मला असं अर्धवट राहिलेलं काम बघवत नाही. मी चौकशी केली. मोरिवलीला त्यांच्या कारखान्यातला एक जुना मिस्त्री सापडला. काकांसाठी घरी येऊन काम करायला तो तयार होता. उल्हासनगरच्या शेठने तसंच दुसरं इंजिन शोधून ठेवलं. उचलायची साखळी, माणसं, वार, सगळं ठरवून कागदावर लिहून मी काकांपुढे ठेवलं. काकू देवळात गेल्या होत्या.

त्यांनी नेहमीसारखं शेवटपर्यंत वाचलं. डाव्या हाताने कागद परत केला.

"फाडून टाका, यादीबाई."

मी कारणं विचारली, एकेक. मिस्त्रीवर विश्वास नाही का, इंजिन पसंत नाही का. ते मान हलवत राहिले. शेवटी एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जुनं इंजिन निघालं की मिस्त्री उघडणार. दांडा वाकलेला बाहेर येईल. इथे, तिच्या अंगणात. तिने तो पंप इतक्यांदा बघितलाय. एका नजरेत कळेल तिला कुणी मोडली ते."

दुसरीकडे नेऊन करू, मी म्हटलं. टो करून नेऊ.

"ती सोबत येईल. तिची गाडी आहे." मग म्हणाले, "राहू दे बंद. तिला वाटू दे नदीने नेली."

ज्या गाडीसाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली ती पुन्हा चालू होऊ शकत होती, आणि ती बंद ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. मी कागद फाडला. कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. पुढच्या रविवारी काकूंनी विचारलं, "कधी होईल हो?" आणि मला तिथून उठून जावं लागलं.

पुढल्या थंडीत काका गेले. दुसरा झटका, झोपेतच. ती खुर्ची काकूंनी आत घेतली नाही. पावसाळ्यापर्यंत पद्मिनीच्या टपावर पत्र्याचा गंज गळून लाल ठिपके पडले. मग लेकीने काकूंना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि गाडीसाठी गिऱ्हाईक बघितलं. जुन्या गाड्या उभ्या करणारा, कर्जतकडचा एक माणूस. तो आधी इंजिन उघडून बघणार होता.

मी त्या सकाळची व्यवस्था केली. काकूंना माझ्याकडे नाश्त्याला बोलावलं, सुनेला सांगितलं की बोलण्यात गुंतवून ठेव, गॅलरीचं दार लावून घेतलं. काकूंना आणायला मी खाली गेले. त्या पत्र्याखाली काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"मला वर कशाला नेतेस गं? इंजिन उघडतील म्हणून?"

मी खड्ड्यावरच्या फळीवर बसले.

"आवाज झाला तेव्हाच कळलं मला. त्या पंपात घालायला पाणी कोण आणून देत होतं इतकी वर्षं? ऊन दाखवून वाळवली, वाटलं वाळली असेल. नव्हती वाळली."

मग दर रविवारी कशाला विचारत होतात, मी म्हटलं. त्यांना किती त्रास होत असेल.

काकूंनी पदराने बॉनेटवरची धूळ पुसली. "हात गेला ह्यांचा. गॅरेज गेलं. माझ्यापासून हे लपवायचं तेवढं एक काम उरलं होतं त्यांच्याकडे, आणि ते नीट करत होते. मी विचारलं नसतं तर त्यांना संशय आला असता. त्यात मी कशाला हात घालू?"

गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. त्याने फेरी मारली, दार उघडलं, टपाच्या कडेचा पिवळा रंग बघून शीळ घातली. काकू म्हणाल्या, तो पुसू नका. तो म्हणाला, नाही पुसणार, आणि आपल्या माणसाला बॅटरी काढायला सांगितलं.

"थांबा," काकू म्हणाल्या.

दहा नंबरचा पाना कुठे असतो ते त्यांना विचारावं लागलं नाही. माळ्यावरून मीच खाली आणून हाताच्या उंचीवर टांगला होता, गाडी न्यायच्या दिवशी लागेल म्हणून. त्यांनी बॉनेटवर आधी तळहात ठेवला, क्षणभरच. मग ते उचललं, आत वाकल्या आणि काळी तार आधी सोडवली.