नवऱ्याची अरबी

मुलगी झाली तेव्हा आमचे हे दुबईत शिलाईच्या कारखान्यात होते. तिथे ते कपड्यांबरोबर भाषेतही पारंगत झाले. सोबत खोलीत राहणाऱ्या इजिप्तच्या गड्याकडून यांनी लेकरांची अरबी उचलली आणि रोज व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी सुरू झाली. बाळ म्हणजे नूनू, खाऊ म्हणजे मम, तोंडातलं थुंकायला लावायचं तर किख. बाळं जे आवाज काढतात, त्यांचेच म्हणे हे शब्द झालेत. मी विचारलं, आपण गुजरातेत राहतो, मग आपली बाळं काय गुजरातीत रडतात? पंडितांना चेष्टा कळली नाही. पोरगी मात्र पडद्यावर लाळ गाळत 'नूनू' ऐकून खिदळायची. आमच्या नवागामच्या वस्तीत अरबीची एवढी भक्त दुसरी नसावी.

मग हे सुट्टीवर आले आणि पंडितांची वाचाच बसली. कारण आमच्या खानदेशी घराची रीत: बापाने स्वतःच्या बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही, लाडाने बोलणं तर लांबच. खोली एकच, आणि सासरे दिवसभर दाराशी खाटेवर. हे आपले, पोरगी शेजाऱ्याची असावी तसे, भिंतीला टेकून गप्प. फोनमधला बोलका माणूस हाच, हे पोरीला कोण सांगणार? ती यांना बघून भोकाड पसरायची. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला खोली ओलांडता येईना. धन्य ते संस्कार. सुट्टी संपत आली होती. लेकीला एकदाही मांडीवर न घेताच हे परत जाणार, याने माझा जीव जळत होता.

त्या दुपारी मी मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसले होते. पोरगी रांगत आली आणि धाग्यांचा गुंता तिने तोंडात कोंबला. मी कात्री ठेवून उठेपर्यंत हे ओरडले, "किख! नूनू, किख!"

पोरीने गुंता थुंकला. आवाजाकडे मान वळवली, खिदळली, आणि लाळेच्या तोंडाने थेट यांच्या मांडीवर चढली. हे पोलिसाने पकडल्यासारखे हात वर धरून बसले. नजर सासऱ्यांवर.

सासरे खाटेखाली चपला शोधू लागले. त्या पायातच होत्या.

"तू बठ," ते म्हणाले, "मी बाहेर जाई येस."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. तेव्हा कुठे यांचे हात खाली आले.