आईकडून

हिंदमाताच्या कापडाच्या दुकानात कोऱ्या खणाचा वास आला, की काळाचौकीच्या घरातलं जावेचं डोहाळजेवण आठवतं. तिची ओटी भरायला मी नारळ उचलला, तर सासूबाईंनी सगळ्या बायकांदेखत माझा हात धरला. म्हणाल्या, "तू राहू दे. वांझोटीचा हात नको ओटीला." नवऱ्याने आईपासून लपवलेला रिपोर्ट माझ्या पर्समध्येच होता. तो काढून मी मोठ्याने म्हटलं, "दोष तुमच्या मुलात आहे. जन्मापासून एक एक्स क्रोमोसोम जास्त आहे त्याला. आणि तो आईकडून येतो, आई!" डॉक्टर खरं तर म्हणाले होते, आईकडून येतो किंवा वडिलांकडून, आणि यात कुणाचाच दोष नसतो. सासूबाई अजूनही कधीतरी हळूच विचारतात, "माझ्यामुळेच ना गं?" आणि मी हो म्हणते.