सासूबाईंची किडनी, मुक्काम पेण

माझ्या पोटात सासूबाईंची किडनी आहे. उजव्या बाजूला, पँटचा पट्टा बसतो त्याच्या जरा वर. हे चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "सासूची?" सासूकडून जावयाला मानपान आणि टोमणे यापलीकडे काही मिळतं, हे कुणाला पटत नाही. मलाही लग्नानंतर बरीच वर्षं तेवढंच मिळालं होतं, आणि त्यातही मानपान कमीच.

माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा आईवडील हयात नव्हते आणि बायकोला साखर, त्यामुळे तिची चालणार नव्हती. आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसच्या मशीनला स्वतःला जोडून घेऊन छताकडे बघत पडायचो. एक दिवस सासूबाई रोह्याहून पेणला आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माझी बघा जुळते का." जुळली. सासूसारख्या नात्यातलं दान असलं की समितीची परवानगी लागते. समितीतल्या एका बाईंनी फार मायेनं विचारलं, "मावशी, जावयावर इतका जीव?"

"जीव कसला?" सासूबाई म्हणाल्या. "ह्ये गेले तं पोरगी माझ्याकडंच येनार ना? मी तिला बघू का माझं भात बघू?"

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. परवानगी मिळाली.

ऑपरेशन पार पडलं आणि माझं रूपांतर माणसातून मोजमापात झालं. सकाळी उठल्याउठल्या वजन, मग ताप, मग ब्लडप्रेशर. प्यायलेलं पाणी मोजायचं आणि बाहेर पडलेलंही मोजायचं. त्यासाठी बायकोनं स्वयंपाकघरातलं एक प्लॅस्टिकचं मापाचं भांडं कायमचं हद्दपार केलं. पेणमध्ये राहून पापड बंद. खाडीच्या मिठावर वाढलेल्या माणसाला मीठ बेतानं. आसपासच्या गणपतीच्या कारखान्यांतली धूळ उडते म्हणून घराच्या बाहेर मास्क. मी इतका स्वच्छ आयुष्यात कधी नव्हतो आणि इतका कंटाळलेलोही नव्हतो.

त्यात रोह्याहून रोज सकाळी फोन. सुरुवातीला सासूबाई लेकीकडे चौकशी करायच्या, मग मध्यस्थ काढून टाकला. "मुतलात का नीट?" एवढंच, आणि तेही असं मोठ्यानं की माझ्या शेजाऱ्यांनाही उत्तराची उत्सुकता लागायची. रक्त तपासलं त्या दिवशी प्रश्न वेगळा. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. तो कमी असला की किडनी काम करतेय, चढला की बिनसलंय. "आज काय आकडा आला?" त्या अंगणातून ओरडून विचारायच्या. त्यांच्या शेजारणीची खात्री झाली होती की म्हातारी मटका खेळते.

किडनीचा उल्लेख त्या 'आपली' असा करायच्या. मी स्कूटरवरून महामार्गानं नागोठण्यापर्यंत जाऊन आलो हे कळलं तेव्हा मला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. "तुमची हाडं मोडू द्या, मला काय नाय. आपली किडनी त्या खड्ड्यांत आदळायची नाय." महामार्गाबद्दल माझं मतही तेच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

त्या वर्षी अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि ऐपतीप्रमाणे वाण द्यायचं, अशी रीत. शेजारणीनं आपल्या जावयाला अंगठी घातली होती आणि ती सगळ्या आळीला दाखवून झाली होती. तिनं सासूबाईंना विचारलं, "तुमी काय दिलंत गो?"

"किडनी," सासूबाई म्हणाल्या. "अंगठी गहान टाकतात जावई. ही टाकून दाखवू दे."

आता पपनसाचं सांगतो. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचे नियम समजावले होते. कापून ठेवलेलं, उघड्यावरचं काही खायचं नाही, फळ खायचं तर जाड सालीचं, घरी सोलून, म्हणजे जंतू आत जात नाहीत. हे सासूबाईंनी नीट ऐकलं होतं. त्यांच्या परसात पपनसाचं झाड आहे. बोटभर जाड साल, आणि आतला गर गुलाबी. रायगड जिल्ह्यात याहून जाड सालीचं फळ दाखवा. श्रावण सरता सरता पपनसं उतरवण्याजोगी झाली आणि दर दोन-तीन दिवसांनी सासूबाई पिशवी घेऊन एसटीनं पेणला यायला लागल्या. हात साबणानं धुऊन, पाटावर बसून, प्रत्येक फोडीचं पातळ साल काढून गर माझ्या वाटीत टाकायच्या. वाटी रिकामी झाली की पुन्हा भरायच्या. मी नाही म्हणत नव्हतो. एक तर ते फळ मला फार आवडतं, आणि दुसरं म्हणजे ज्या बाईचा अवयव आपण वापरतो तिला नाही म्हणायला तोंड लागतं.

गणपती गेले आणि माझे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. ब्लडप्रेशर चढलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन एक पॉइंट दोनवरून एकाएकी दोनच्या जवळ. मुंबईला धावलो. शरीर परकी किडनी हाकलून देत असेल, गरज पडली तर सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. येताना गाडीत बायको तेच रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळत होती. मला पुन्हा ते छत दिसायला लागलं होतं. मी फार घाबरलो होतो.

बायकोनं आईला फोनवर एवढंच सांगितलं की आकडा चढलाय. पलीकडून विचारणा झाली, "आपल्या किडनीचाच ना?" हिनं हो म्हटलं. फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याहून फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पपनसंही आली नाहीत. आम्ही केला तर उचलायच्या आणि म्हणायच्या, "कामात हाय."

मग राहिलेला एक रिपोर्ट आला. शरीरानं किडनी हाकलू नये म्हणून मी रोज गोळी घेतो, तिचं रक्तातलं प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय खाताय? मी म्हटलं, काहीच नाही, पपनस तेवढं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ग्रेपफ्रूट नावाचं मोठ्या संत्र्यासारखं परदेशी फळ खायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं आणि मी निर्धास्त होतो, कारण आमच्याकडे ते फळ मी कुणाच्या घरी पाहिलेलं नाही. पपनस त्याचंच भावंड निघालं. ते गोळीला शरीराबाहेर पडू देत नाही, आणि साचलेली गोळी किडनीलाच त्रास देते. गोळी कमी केली, पपनस बंद केलं, आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. सुईची गरज पडली नाही.

हे सासूबाईंना कसं सांगायचं यावर घरात चर्चा झाली. बायको म्हणाली, "मी नाय सांगनार. स्वतःच्या हातानं सोलून दिलंय तिनं." तेव्हा मीच मास्क लावून दुपारच्या रिकाम्या एसटीनं रोह्याला गेलो. वाटेत दोन-तीन विनोद जुळवून ठेवले, म्हणजे म्हातारीला लागणार नाही.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. चांगलं लुगडं, डोक्याला तेल, बाजूला भरलेली पिशवी. त्यातून आधार कार्डाचं प्लॅस्टिक आणि औषधांची पुडकी दिसत होती. चेहरा ओढलेला. मला बघून उठल्या.

"बरं झालं आलात. मी निघालेच हुते," त्या म्हणाल्या. "माझी खोटी निघाली ना? मला वाटलंच. लय वापरलेली हाय ती. पन दुसरी हाय ना. ती घेवा. चला मुंबईला."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा.

"आई, दुसरी दिल्यावर तुम्ही कशावर जगणार?"

"मशीनवर बसंन. तुमी बसलात नाय? मला काय धाड भरलीय?"

मी आणलेले विनोद कुठे गेले कोण जाणे. मला रडूच कोसळलं. रडत रडत मी पपनसाचं सगळं सांगितलं, गोळीचं सांगितलं, आकडा उतरल्याचं सांगितलं. त्यांनी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजी माझी चांगली हाय?"

"एकदम चांगली आहे."

त्या मटकन खाली बसल्या. पदरात तोंड घालून बराच वेळ हुंदके देत राहिल्या. एवढे दिवस त्या बाईला वाटत होतं की आपणच जावयाला वाईट वस्तू दिली.