सुटा येणारा माल

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि फौजदारीण पहिल्या ट्रॉलीत कोपरापर्यंत शिरली होती. शिफ्ट सातला सुरू होते. म्हणजे पुढची चाळीस मिनिटं ती जे काही करणार होती, ते कारखान्याच्या लेखी घडतच नव्हतं.

कारखाना चादरी धुण्याचा. शहरातली हॉटेलं आणि इस्पितळं आपल्या चादरी इथे पाठवतात. धुलाईचे पुरुष दोन पाळ्यांत त्या मोठ्या यंत्रांत धुतात, पिळतात आणि ट्रॉल्यांत ओततात. पिळणीतून बाहेर पडते ती चादर नसते, पिळा असतो. सात-आठ चादरी एकमेकींच्या गळ्यात पडून त्यांचा ओला, मनगटाहून जाड दोरखंड झालेला असतो. तो सोडवल्याशिवाय चादर रोलरवर चढत नाही. रोलर म्हणजे खोलीभर लांबीची तापलेली इस्त्री. अलीकडे दोघी चादरीची दोन टोकं धरून ती आत सारतात, पलीकडे दोघी घडी घालतात. रोलर थांबत नाही, त्यामुळे त्याही थांबत नाहीत.

फौजदारीण हे तिचं नाव अर्थातच नव्हे. बावीस वर्षं एका जागी उभी राहिलेली, खणखणीत आवाजाची, उंचपुरी बाई. नाव पडायला तेवढं पुरलं. रोलरच्या डाव्या टोकाला ती, उजव्या टोकाला बारकी. बारकी तिच्या खांद्याला लागायची, म्हणून पायाखाली उलटं खोकं ठेवून उभी राहायची. दोघींना एकमेकींकडे बघावं लागत नसे.

लवकर यायची सवय जुनी. कधीकाळी एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "दोन आठवडे जरा लवकर या, पिळे सोडवून ठेवा, म्हणजे सातला रोलर धडाधड चालू." ते दोन आठवडे अजून संपायचे होते. साहेबांनीच पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, बायकांसाठी सव्वासहाला दार उघडत जा.

पण त्या दिवशी लवकर यायला आणखी एक कारण होतं. मुख्य कचेरीतून मोजणीवाला येणार होता. प्रत्येक काम बघून तो त्याला दर्जा देणार होता: अ, ब किंवा क. दर्जावर पगार. धुलाईचे पुरुष अ, रोलरच्या बायका क, हे आजवर कुणी न ठरवता ठरलेलं होतं आणि पुरुषांच्या हातात बायकांच्या दीडपट पडत होतं. आता पहिल्यांदा कुणीतरी घड्याळ घेऊन बघणार होतं.

"आज एकही पिळा दिसता कामा नये," फौजदारणीने बजावलं. "फरशी पुसा. ट्रॉल्या भिंतीला लावा. रोलरला मेण फासा, चादर कुठे चिकटली तर बघा."

"बघायला येणाऱ्यांसाठी आवरतात तसं चाललंय," बारकी म्हणाली.

"मग? पसारा दाखवायचा का त्याला?"

मोजणीवाला नऊला आला. सभ्य, मध्यमवयीन, चष्म्याची काच सारखी पुसणारा. आधी धुलाईत गेला. तिथे वाफ, पाणी, आरडाओरडा. पुरुषांनी ट्रॉली ढकलताना 'हेइश्शा' केलं, एकाने कंबर धरली, दुसऱ्याने यंत्राला आईवरून शिवी दिली आणि मग साहेबांकडे बघून जीभ चावली. मोजणीवाला भराभर लिहीत होता. मग तो रोलरपाशी आला. चादरी सुट्या, एकावर एक रचलेल्या. दोघी वाकत, उचलत, सारत होत्या. एक सुरकुती नाही, एक शब्द नाही. मोजणीवाला पाचेक मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "वा! छान चाललंय."

त्या दिवशी डबे उघडताना बायका खुशीत होत्या.

महिन्याने निकाल लागला. धुलाई अ. रोलर क.

फौजदारीण साहेबांच्या खोलीत गेली ती दारावर टकटक न करता. साहेब तसे वाईट नव्हते. वाढदिवसाला पेढे आणायचे, कुणाचं पोर आजारी असलं तर सुट्टी द्यायचे. पगाराचा विषय निघाला की मात्र त्यांना नेमका फोन यायचा. त्या दिवशी फोन आला नाही.

"बसा ना. अहो, मी नाही ठरवलं. त्यांनी बघितलं ते लिहिलं. हे बघा, वजन कमी, ताण दिसला नाही, माल सुटा येतो..."

"काय येतो?"

"माल सुटा येतो. म्हणजे चादरी मोकळ्या येतात, त्या फक्त—"

"सुटा येतो," फौजदारीण म्हणाली. "झाडाला लागतो का हो तो सुटा?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिची तिथे उभ्या उभ्या गेली. आधी स्वतःवर. आपणच आपल्या हाताने कष्ट आवरून भिंतीला लावले आणि वर फरशी पुसली. मग समोरच्या माणसावर. मोजणीवाल्याला माहीत नव्हतं, एक वेळ ठीक. पण दार उघडायचा हुकूम ज्याने दिला होता त्याला माहीत होतं. मोजणीवाल्याशेजारी उभा राहून तो पाच मिनिटं गप्प बसला होता.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही लवकर येता ते तुमच्या खुशीने. त्याचा पगार नाही, मग ते काम कसं धरणार? आणि दुसरं म्हणजे शिक्षण. धुलाईवाल्यांना सर्टिफिकेट लागतं. तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग?" साहेबांनी हात पसरले.

सर्टिफिकेटचं तिला सांगायला नको होतं. धुलाईतल्या सगळ्यात नव्या माणसाला बायका सर्टिफिकेटवालाच म्हणत. त्याचा कागद मोटारदुरुस्तीचा. चादरीच्या यंत्रात किती माल भरायचा, इस्पितळाचा माल हॉटेलच्या मालात का मिसळायचा नाही, हे त्याला पहिल्या महिन्यात शिकवलं ते फौजदारणीने. मागे एकदा धुलाईतली निम्मी माणसं सोडून गेली होती, तेव्हा वर्षभर तिने ते काम केलं होतं. क दर्जात. तो पहिल्या दिवसापासून अ दर्जात होता. माणूस सरळ होता, तिला मावशी म्हणायचा. तिचा राग त्याच्यावर नव्हता, आणि याचाच तिला जास्त राग यायचा, कारण त्याच्यावर काढला असता तर निदान कुठेतरी निघाला असता.

फेरतपासणी मागायची सोय होती, एकदाच. त्यानंतर तीन वर्षं दार बंद. तिने मागितली.

घरी नवरा म्हणाला, "बावीस वर्षं झाली, आता कशाला डोक्याला ताप?" तो दुकानावर पहारेकरी होता. त्याचा स्वभाव पहाऱ्याला साजेसा, जे आहे ते जागच्या जागी राहावं असा.

"तो साहेब सातवी म्हणाला मला. तुझी सातवी, म्हणून क."

"मग खोटं काय बोलला?"

लेक जेवता जेवता थांबली. ती एका औषधकंपनीत हिशेब बघायची. दोन पदव्या. आईने ओव्हरटाइम करून घेतलेल्या, असं बारकी म्हणायची.

"आई, माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो ना, माझ्या मागून लागला, एक पदवी. त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. मी विचारलं परवा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला घर चालवायचंय. आणि तुमचं काय, लग्न होईल, जाल."

नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

फौजदारीण म्हणाली, "मला सांगितलं, शिकली नाहीस म्हणून. आता हिला काय सांगतात ते ऐकलंत? म्हणजे कारण आधी ठरलेलं नसतं. पगार आधी ठरतो, कारण मागून शोधतात."

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी बायका रोलरच्या आडोशाला जमल्या. बारकी तयारीत होती. "मी खोक्यावरून चक्कर येऊन पडते. मला छान जमतं. सासूबाई तीनदा फसल्यात."

हशा पिकला. फौजदारीणही हसली, मग म्हणाली, "नाटक नको. आजवर नाटकच केलं, काम सोपं असल्याचं. उद्या सातला यायचं. सातच्या आधी कुणी दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाकी रोजचंच करायचं."

"एवढंच?" एकीने विचारलं.

"एवढंच. जमतं का बघ, जड जातं."

जडच गेलं. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने सव्वासहाला दार उघडलं आणि तो बघत बसला. रोलरच्या सगळ्या बायका समोरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या. "अहो, आत या की." कुणी हललं नाही. एकीची नजर सारखी दाराकडे. आत पिळे आंबट व्हायला लागले असतील, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. मोजणीवाला सातला पाच कमी असताना आला, रांगेला नमस्कार करून आत गेला.

सातला त्या आत शिरल्या. ट्रॉल्या दारापासून रोलरपर्यंत अस्ताव्यस्त, काठोकाठ भरलेल्या. रोलर तापून रिकामा फिरत होता. फौजदारणीने एका पिळ्याचं टोक धरलं, बारकीने दुसरं. दोघींनी ट्रॉलीला पाय रोवले आणि हिसडा दिला. पिळा सुटला नाही. पुन्हा दिला. पाणी अंगावर उडालं. तिसऱ्या हिसड्याला एक चादर मोकळी झाली. त्या एका पिळ्यात अजून सहा होत्या.

मोजणीवाल्याने घड्याळ बघितलं आणि लिहायला सुरुवात केली.

साडेसातला हॉटेलची गाडी येऊन दारात भोंगा वाजवू लागली. आठला यायचे ते साहेब त्या दिवशी तेव्हाच धावत आले. "अहो, हे काय? आवरा लवकर!"

"आवरतोच आहोत," फौजदारीण पिळा ओढता ओढता म्हणाली. "हेच आवरणं."

साहेब धुलाईच्या दाराशी गेले. "जरा दोघंतिघं या इकडे, हात लावा."

धुलाईचा मुकादम दारात आला, ट्रॉल्यांकडे बघितलं, मोजणीवाल्याकडे बघितलं. "साहेब, ते आमच्या कामात बसत नाही."

"आमच्याही बसत नव्हतं," फौजदारीण म्हणाली, "बावीस वर्षं."

सर्टिफिकेटवाला मुकादमाच्या मागे उभा होता. तो मान खाली घालून आत निघून गेला.

मोजणीवाला त्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. त्याने एका ट्रॉलीचं वजन करून घेतलं. जाताना चष्मा पुसत फौजदारणीला म्हणाला, "हे मागच्या वेळी का नाही दाखवलंत?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते लांब होतं. "चुकलंच," ती म्हणाली.

निकाल यायला सहा आठवडे गेले. तेवढे दिवस कुणीही सातच्या आधी आत गेलं नाही. हॉटेलवाल्यांच्या तक्रारी आल्या, साहेबांनी आधी गोडीने, मग डोळे वटारून सांगून पाहिलं. बायका सातला येत राहिल्या.

निकालाच्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. "अभिनंदन! ब मिळालाय. पगार वाढणार सगळ्यांचा."

"अ का नाही?"

"अहो, वजन मान्य केलंय, ताण मान्य केलाय. पण प्रशिक्षणाला गुण नाहीत. तुमचं सगळं शिकणं कामावरचं ना, ते धरत नाहीत. बाहेर शिकलेलं धरतात."

"धुलाईवाला पोरगा कुठे शिकला?"

"त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे."

"मोटारीचं."

"पण आहे ना," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढासाही खोटेपणा नव्हता. ते मनापासून बोलत होते. तिला सगळ्यात जास्त चीड त्याची आली.

चहा तिने प्यायला नाही. साय धरेपर्यंत तो टेबलावर राहिला.

"तीन वर्षांनी पुन्हा मागता येईल," साहेब म्हणाले. "आता खूश व्हा. आणि उद्यापासून जरा पहिल्यासारखं लवकर येत जा. ब दर्जा मिळालाय आता."

"लवकर येण्याला दर्जा कुठला?"

साहेबांना फोन आला.

बाहेर बायका वाट बघत होत्या. तिने दोन बोटं दाखवली. अ नाही, ब. बारकीने टाळ्या वाजवल्या, मग फौजदारणीचा चेहरा बघून हात खाली घेतले. "वाढला तर आहे ना?"

"वाढलाय. घ्यायचा. आपलाच आहे तो." तिने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "आणि उरलेला अजून त्यांच्याकडे आहे, हे विसरायचं नाही."

"मग उद्या?"

उद्या पहारेकरी नेहमीप्रमाणे सव्वासहाला दार उघडेल, कारण जुना हुकूम अजून कुणी मागे घेतलेला नाही. बायका सातला आत येतील. पहिली कोरडी चादर रोलरमधून पावणेआठला बाहेर पडेल.